दलदलीतल्या अक्षता

आमच्या वडिलांनी गावात सांगून ठेवलं आहे की पोरगा कस्टममध्ये साहेब आहे. तसं काही नाही. मी संगमनेरजवळच्या एका रोपवाटिकेत आयातीची कागदपत्रं बघतो, आणि वेळ आली की कस्टमच्या साहेबांसमोर हात बांधून उभा राहतो. या वाक्यात कस्टम आहे आणि साहेबही आहे. मधला फरक वडिलांनी आपल्या जबाबदारीवर मिटवून टाकला. त्यांना दुरुस्त करायचं मी सोडून दिलं, कारण खरं सांगणं त्याहून अवघड आहे. मी परदेशातून कुजलेलं शेवाळ मागवतो. पाथर्डीकडच्या आमच्या माळावर, जिथे मुरूम फुकट दिला तरी कोणी नेत नाही, तिथे हे वाक्य उच्चारून बघा.

या शेवाळाला पीट म्हणतात. उत्तरेकडच्या थंड देशांत मोठमोठ्या दलदली आहेत. तिथलं शेवाळ मरतं, पण पाण्याखाली हवा नसल्यामुळे नीट कुजत नाही. अर्धवट कुजून थरावर थर साचत राहतं, हजारो वर्षं. आमच्याकडच्या एखाद्या सरकारी प्रकल्पासारखं म्हणा. ते लोक दलदलीतलं पाणी काढतात, वरचा थर खरवडतात, वाळवतात, दाबून प्लॅस्टिकच्या गासड्या बांधतात आणि जहाजात भरतात. हातात घेतलं तर तपकिरी, हलकं, गाळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. पाणी भरपूर धरतं, आणि त्यात आपल्याकडच्या मातीतले रोग नसतात. नाजूक मुळांना याच्यासारखी गादी नाही.

रोपवाटिका काकूंची. काकू म्हणजे मालकीणबाई. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो, आणि दूध संघाच्या राजकारणात रमलेल्या त्यांच्या नवऱ्याला काका. टोमॅटो, कोबी, मिरचीची रोपं तयार करून त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यापासून काष्टीपर्यंतचे शेतकरी जोडले. मी नोकरी मागायला गेलो तेव्हा त्यांनी एका परदेशी कंपनीचं इंग्रजी पत्रक पुढे टाकलं आणि वाच म्हणाल्या. मी सगळं वाचलं. वसतिगृहात आमचे एक मास्तर रोज इंग्रजीचं पान मोठ्याने वाचायला लावायचे, अडलं तरी थांबू द्यायचे नाहीत. त्यांची सवय कामी आली. काकूंनी विचारलं, कळलं का. मी म्हणालो, अर्धं. त्यावर त्या म्हणाल्या की आधी आलेल्या तिघांना काहीच न कळता सगळं कळलं होतं, तू उद्यापासून ये. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, आणि त्या कॉलेजचा उपयोग होईल असं ज्यांना पहिल्यांदा वाटलं त्या काकू. हे मी विसरत नाही.

तर झालं असं, की या भागातल्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने पार वाळवल्या. तेल्या म्हणजे फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ चिरतं आणि त्याच्याबरोबर शेतकऱ्याचं वर्षही. जुन्या झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून, म्हणजे गुटी बांधून रोप केलं तर रोगही रोपाबरोबर नांदायला येतो. म्हणून एका टिश्यूकल्चर कंपनीने प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवलेली निरोगी रोपं काढली. काचेच्या बाटलीत जेलीसारखं खाद्य, त्यात बोटाच्या पेराएवढी रोपं. ती बाटलीतून काढून बाहेरच्या हवेला सरावेपर्यंत कोणाला तरी सांभाळावी लागतात. हे सांभाळायचं काम काकूंनी मागून घेतलं.

पहिली खेप आम्ही कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावली. भुशात क्षार राहिले होते की आमचा हात जड होता, देव जाणे. रोपं वितळल्यासारखी बसली. कंपनीचा माणूस आला, ट्रे बघितले, आणि शांतपणे सांगून गेला की दुसरी खेप देतो, पण लावायची पीटमध्येच. तीही गेली तर काम नाशिककडच्या रोपवाटिकेला. काकूंनी टोमॅटोची अर्धी शेड मोडून तिथे या डाळिंबासाठी पॉलिहाऊस उभं केलं होतं. दुसरी खेप जगली तर ती शेड शहाणपणाची, मेली तर पोरखेळ, असं काकांनी दूध संघातही बोलून दाखवलं होतं.

पीटचा कंटेनर परदेशातून मागवण्याआधी काकूंनी, ज्या कंपनीकडून तो येणार होता तिच्याच थोड्या गासड्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून आणून पाहिल्या. माल पसंत पडला. मग मी परवाना काढला, तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला मागवला, आणि कंटेनर निघाला. ट्रे भरायच्या कामावरच्या बायकांना मी नकाशावर बाल्टिक समुद्र दाखवला. त्या बायकांच्या प्रमुख म्हणजे मावशी, अकोल्याच्या डोंगराकडच्या. त्यांनी नकाशाकडे बघून विचारलं, “तिकडं माती संपली न्हाई का वो अजून, आपल्याला द्यायला?”

मी त्यांना समजावलं की ही माती नव्हे. हे मी पुढचा महिनाभर कोणाकोणाला समजावत राहिलो, त्याची ती सुरुवात होती.

कंटेनर बंदरावर लागला त्याच आठवड्यात कंपनीने बाटल्या पाठवल्या. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि ठरल्याप्रमाणे चाललं की मला भीती वाटते. आमच्या घराण्यात त्याची सवय नाही. आमचा कस्टमचा एजंट मुंबईचा, बोलायला गोड, फोन उचलायला जड. त्याने स्वतःहून फोन केला तेव्हाच मला शंका आली.

“भाऊ, साहेबांनी कंटेनर अडवलाय. साहेब बोलतात ही माती आहे.”

इथे थोडं कस्टमबद्दल सांगायला हवं. जगात जी जी वस्तू विकता येते तिला एक आकडा आहे, आणि सगळे आकडे एका जाडजूड पुस्तकात प्रकरणवार लावलेले आहेत. माणसाला जात चुकत नाही तसा मालाला आकडा चुकत नाही. पीटचा आकडा सत्तावीस शून्य तीन. सत्ताविसावं प्रकरण म्हणजे कोळसा, डांबर, डिझेल. पीट वाळवून जाळतातही, त्या नात्याने ते तिथे. माती पंचविसाव्या प्रकरणात, मीठ, दगड आणि सिमेंटच्या शेजारी. शेणखत एकतिसाव्यात. प्रकरण नुसतं शोभेचं नसतं. त्यावरून कर ठरतो, परवानगी ठरते. मातीतून रोग आणि किडे येतात म्हणून परदेशी मातीला आपल्याकडे सहसा बंदी आहे. म्हणजे आमचा कंटेनर सत्ताविसाव्यात बसला तर संगमनेरला येणार, पंचविसाव्यात बसला तर जहाजात बसून परत दलदलीत जाणार. शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या एका साहेबांचं मत पडलं की हे खत आहे आणि खताचा परवाना कुठे आहे. आमच्या शेवाळासाठी तीन स्थळं आली होती आणि एकालाही ते पसंत नव्हतं.

इकडे बाटल्यांचा प्रश्न. बाटलीतलं खाद्य संपत आलं की रोपं पिवळी पडतात, झाकणाला डोकं लावतात, एखाद्या बाटलीत पांढरी बुरशी येते. त्यात ऑक्टोबरचं ऊन. आमच्याकडे थंड खोली एकच होती, काकूंच्या घरातली एसीची, म्हणजे काकांची झोपायची. काकूंनी सगळ्या बाटल्या तिकडे हलवल्या आणि काकांना ओसरीवर. काका म्हणाले, घरात माझ्यापेक्षा डाळिंबाला किंमत जास्त. काकू म्हणाल्या की डाळिंब विकता तरी येतं.

एजंटने उपाय सुचवला. सरकारी प्रयोगशाळेत गर्दी आहे, नमुन्याचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर त्याच कंपनीचा जुना माल तुमच्याकडे असेल तर तो एखाद्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घ्या, अहवाल साहेबांपुढे ठेवू, त्यांचं मन वळेल. मला सल्ला पटला. शेडच्या कोपऱ्यात पुण्याच्या व्यापाऱ्याकडच्या गासड्यांपैकी एक उघडलेली गासडी होतीच. मी हात धुतले, नवी पिशवी घेतली, वरचा थर बाजूला करून आतला माल भरला, पिशवीवर सुबक अक्षरात लेबल लावलं. माझं अक्षर चांगलं आहे. लॅबला सांगून टाकलं की अहवाल थेट एजंटला पाठवा, म्हणजे वेळ वाचेल. एजंटनेही वेळ वाचवला. त्याने अहवाल न वाचताच साहेबांच्या फाइलला जोडला.

मग त्याचा फोन आला. या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

“भाऊ, तुझ्या शेवाळात तांदूळ निघालाय.”

मी म्हणालो, शक्य नाही, त्या देशात तांदूळ पिकत नाही.

“पिकत नसेल. पण निघालाय. लाल तांदूळ.”

अहवाल माझ्या मोबाईलवर आला. मी तो वाचला, अडलं तरी न थांबता, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे. नमुन्यात मुख्यतः पीट आहे, असं सुरुवातीला होतं. त्यानंतर होतं: काळी चिकणमाती. तांबडी माती. तांदळाचे दाणे, काही अखंड काही तुटके, लाल रंग लावलेले. नारळाच्या करवंटीचे तुकडे. बांबूची जळकी बारीक काडी एक. लॅबवाल्यांचं काम चोख होतं. काडीचीही नोंद घेतली होती. साहेबांनी हा अहवाल वाचून मत बदललं होतं. ही माती नाही, हा कचरा आहे. परदेशी कचऱ्यासाठी पुस्तकात आणखी एक जागा होती आणि ती सगळ्यांत वाईट होती.

मी शेडमध्ये गेलो. बायका टोमॅटोचे ट्रे भरत होत्या. मी अहवाल वाचून दाखवला, आणि जसजसा वाचत गेलो तसतशा बायका एकमेकींकडे न बघता ट्रेकडे बघायला लागल्या. जळक्या काडीपाशी पोचलो तेव्हा एकीला हसू आवरेना, ती ओढणीत तोंड घालून बाहेर गेली.

मावशींनी मात्र काही लपवलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की पुण्याहून माल आला त्या दिवशी गासडीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती लावली, ती गासडीतच खोचली कारण खोचायला दुसरं मऊ काही नव्हतं. नारळ फोडला. आणि प्रत्येकीने आपापल्या बांधावरची मूठभर माती आणून त्यात मिसळली. मावशींची तांबडी, खालच्या गावांतल्या बायकांची काळी. त्यांच्याकडे नवी जमीन केली, नवं बी आणलं की असं करतातच.

“मावशी, पण ते निर्जंतुक असतं,” मी म्हणालो. “त्यात काही मिसळायचं नसतं म्हणूनच तर ते एवढ्या लांबून आणतो.”

“आता तुमी शिकल्याली मानसं,” मावशी म्हणाल्या. “पर परक्या मुलखातनं आल्यालं हाय ते. दुधाला इरजन लावल्याबिगर दही हुतं का? घरची वळख नको का त्याला?”

मी काकूंकडे वळलो. मला वाटलं आता मावशींची खैर नाही. काकू ट्रेच्या थप्पीला टेकून उभ्या होत्या.

“माझ्याकडं काय बघतो,” त्या म्हणाल्या. “नारळ मीच फोडला.”

वर म्हणाल्या, खोबरं वाटलं तेव्हा तूही दोनदा हात पुढे केला होतास. ते मला आठवलं. खोबरं कशाबद्दल आहे हे मी विचारलं नव्हतं. आमच्या भागात खोबरं कशाबद्दल आहे हे कोणी विचारत नाही.

त्या दिवशी काकांच्या खोलीतल्या आणखी काही बाटल्या बुरशीने गेल्या. काकूंनी त्या स्वतः उचलून बाहेर टाकल्या आणि मला म्हणाल्या की फोनवरून हे मिटायचं नाही, उद्या जायचं.

आम्ही पहाटे जीपने बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीकडे निघालो. काकूंनी मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली धरली होती, बारसं असलेल्या पोरासारखी. मी वाटभर निवेदन पाठ करत होतो. इंग्रजीत लिहिलं होतं, दीड पान, सुरुवात ‘आदरणीय महोदय’ या अर्थाची. आयुष्यात पहिल्यांदाच मला कस्टमच्या पुस्तकाचे खुलासे वाचायची वेळ आली होती, आणि त्यात एक वाक्य सापडलं होतं ज्यावर माझी सगळी भिस्त होती. पीटमध्ये वाळू किंवा चिकणमाती मिसळलेली असली, तरी त्या मिश्रणाचा मूळ गुण पीटचा असेल तर ते पीटच. हे ज्याने लिहिलं त्याच्या ओळखीत कुठेतरी मावशींसारखी बाई असणार, असं मला वाटलं.

साहेब जवळपास माझ्याच वयाचे निघाले. मराठी होते. मी वडिलांच्या डोक्यातला साहेब प्रत्यक्ष बघत होतो आणि मला त्यांच्यापुढे बसावं की उभं राहावं कळत नव्हतं. काकू बसल्या म्हणून मी बसलो. एजंट आमच्या मागे येऊन उभा राहिला. साहेबांनी अहवाल उघडला, मी निवेदन उघडलं, पण त्यांनी मला सुरुवातच करू दिली नाही.

“हा तांदूळ परदेशी आहे का?”

“नाही साहेब. इंद्रायणी आहे.”

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “लॅबने जात लिहिलेली नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या मावशींच्या शेतातला आहे, साहेब.”

यानंतर दीड पान इंग्रजीचा काही उपयोग उरला नाही. मी सगळं मराठीत सांगितलं, पुण्याच्या व्यापाऱ्यापासून उदबत्तीपर्यंत. खोबऱ्याचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. मग माझं ते मूळ गुणाचं वाक्य सांगितलं. साहेब म्हणाले की वाक्य बरोबर आहे, कस्टमपुरतं तुमचं म्हणणं चालेल. पण वनस्पती तपासणीवाल्यांना मातीचा कण चालत नाही, आणि तांदूळ म्हणजे तर बी. शिवाय मी कागद बघतो. कागदावर कुंकू लावलेला तांदूळ आहे. उद्या मला वर कोणी विचारलं तर मी काय सांगू, देवाचं होतं म्हणून?

मी निवेदनाची घडी घातली. त्यांचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

काकू बराच वेळ साहेबांच्या मागे बघत होत्या. तिथे झेरॉक्सचं मोठं मशीन होतं. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. मशीनला वाळलेल्या झेंडूचा हार होता, बटणांच्या वर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि कागद बाहेर येतो त्या फटीत हळद सांडलेली होती.

“साहेब,” काकू म्हणाल्या, “उद्या कुनी ह्या मशिनची धूळ खरवडून नेली आन् तपासली, तर त्यात हळद निघंल, कुंकू निघंल, झेंडू निघंल. मग हे मशीन कशात धरायचं? पूजेच्या सामानात?”

पलीकडच्या टेबलावरचे खतवाले साहेब खोकल्यासारखं हसले. आमचे साहेब हसले नाहीत.

“बाई, मशीन मी आयात करत नाहीये,” ते म्हणाले.

“मी बी अक्षता आयात करत न्हाई. त्या हितल्याच हायेत. तुमी कंटेनर उघडा. त्या गासड्यांना अजून आमच्या कुनाचा हात लागला न्हाई.”

“आणि कंटेनरमध्येही अक्षता निघाल्या तर?”

“तर मग तिकडच्या बायाबी आमच्यासारख्याच हायेत,” काकू म्हणाल्या. “मला बरं वाटंल.”

मग त्यांनी टॉवेल सोडला आणि बाटली टेबलावर ठेवली. आत चार-पाच रोपं होती, झाकणाला टेकलेली, खालची पानं पिवळी. काकूंनी विनवणी केली नाही. एवढंच सांगितलं की ह्यांचं जेवण संपलंय आणि ह्यांचं अंथरूण त्या डब्यात अडकलंय. साहेबांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरून बघितली, आणि विचारलं की हे खरंच डाळिंब आहे का. त्यांच्या सासुरवाडीला डाळिंबाची बाग होती; तेल्याने गेली होती. मला वाटलं, आता झालं काम. पण नाही. बाटली परत ठेवून ते म्हणाले की सासुरवाडीचा आणि याचा संबंध नाही.

तरी त्यांनी एक न्याय्य गोष्ट केली. आमचा अहवाल फाइलमधून बाजूला काढला. नमुना त्यांच्या समोर काढलेला नव्हता, तो मुळात फाइलला लावायलाच नको होता, असं ते एजंटला आमच्यादेखत बोलले, आणि एजंटने जमिनीकडे बघून मान डोलावली. कंटेनर उघडून, बंद गासडी फोडून, वनस्पती तपासणीवाल्यांच्या समोर नवा नमुना घ्यायचा आणि सरकारी लॅबमध्ये लवकर तपासायला पाठवायचा, असं ठरलं. परीक्षा सोपी आहे, त्यांनी मला समजावलं. वाळवायचं आणि भट्टीत जाळायचं. माती जळत नाही, जवळपास तेवढीच उरते. पीट जळून जातं, चिमूटभर राख राहते.

“जळलं तर तुमचं, नाही जळलं तर परत,” ते म्हणाले.

एवढी वर्षं शिकून शेवटी आपला माल अग्निपरीक्षेला बसणार, याचं मला परतीच्या वाटेवर हसू येत होतं. काकू हसत नव्हत्या. त्या बाटलीला ऊन लागू नये म्हणून जीपच्या काचेला टॉवेल धरून बसल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नमुना गेला, निकाल येईना. मी एजंटला फोन करायचो, एजंट म्हणायचा भट्टी चालू आहे. काकू रोज सकाळी काकांच्या खोलीत जाऊन बाटल्या चाळायच्या आणि गेलेल्या बाहेर काढायच्या. खोलीबाहेर रिकाम्या बाटल्यांची रांग वाढत चालली. काकांनीही तोवर टोमणे बंद केले होते. एके सकाळी मी बघितलं तर ते स्वतः चष्मा लावून एकेका झाकणावर बुरशी शोधत होते. त्यांना एक दिसली. ती त्यांनी काकूंना न सांगता गुपचूप बाहेर नेऊन ठेवली.

पीट जळलं. राख चिमूटभर राहिली, तांदूळ निघाला नाही. कंटेनर सत्ताविसाव्या प्रकरणात, कोळसा आणि डिझेलच्या पंगतीला बसून सुटला आणि ट्रकने संगमनेरला आला. ट्रक फाटकात शिरला तेव्हा मावशी ताट घेऊन उभ्याच होत्या. काकू आडव्या आल्या. टायरची पूजा करा, ड्रायव्हरची करा, पाहिजे तर माझी करा, पण गासडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मावशींनी शब्द पाळला. ड्रायव्हर बिहारचा होता. त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. तो बिचारा घाबरून हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं काहीतरी मोठी चूक झाली आहे.

मग बाटल्या उघडल्या. कोमट पाण्यात मुळांची जेली धुवायची, चिमट्याने रोप धरायचं, ओल्या पीटमध्ये बोटाने भोक पाडून बसवायचं, वर प्लॅस्टिकचा बोगदा. मावशींच्या हाताखाली सगळ्या बायका दिवसभर न बोलता लावत होत्या. पहिल्या आठवड्यात दाराजवळच्या रांगा बसल्या. मी म्हणालो, बाटलीत फार दिवस राहिली म्हणून. मावशी म्हणाल्या, घरची माती दावली न्हाई म्हनून. आम्ही दोघं आजही आपापल्या मतावर आहोत. आतल्या रांगा मात्र उभ्या राहिल्या. काकू रोज बोगद्याची कडा उचलून बघायच्या, पण रोपाला हात लावायच्या नाहीत.

ठरलेल्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तो फार बोलणारा नाही. काकू, काका, मावशी आणि मी त्याच्या मागे उभे होतो, लग्नाची बोलणी चालल्यासारखे. त्याने मधल्या रांगेतलं एक रोप पीटसकट उपटलं, हातावर घेतलं, हलकेच झटकलं. तपकिरी चोथ्यातून पांढरी बारीक मुळं चौफेर निघाली होती, काही पार बाहेर आलेली. त्याने दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग दाराजवळच्या मेलेल्या रांगा बघितल्या, पुन्हा मधल्या बघितल्या, आणि म्हणाला की पुढची खेप मोठी पाठवतो, जागा आहे ना?

काकू हो म्हणाल्या. मग पुन्हा एकदा हो म्हणाल्या. काकांनी उगाचच माझ्या पाठीवर थाप मारली.

जाताना त्या माणसाने खिशातून एक पिशवी काढली. पीट चांगलं दिसतंय, आमच्या बाकीच्या रोपवाटिकांना दाखवायला थोडा नमुना नेतो, असं म्हणून तो शेडच्या कोपऱ्यातल्या उघड्या गासडीकडे वळला.

काकू वाटेत उभ्या राहिल्या.

“रोपं न्या, दहा न्या,” त्या म्हणाल्या. “पर नमुना आता आमी कुनालाच देत न्हाई.”